प्राणघातक विद्या आणि आखाड्याचे नियम

मल्लविद्येच्या आणि द्वंद्वयुद्धाच्या निरनिराळ्या परंपरांविषयी बोलणे निघाले की एक विधान हमखास कानी पडते. “आमची विद्या खेळासाठी नाही, ती प्राण घेणारी आहे, नियमांच्या चौकटीत ती दाखविताच येत नाही.” हे विधान कराटेचा शिक्षक करतो, चिनी मुष्टियुद्धाच्या पंथातील वृद्ध आचार्य करतो, आणि मर्मविद्येचे नाव सांगणारा आपल्याकडील एखादा गुरूही करतो. गेल्या तीस वर्षांत ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्र द्वंद्वाच्या स्पर्धा जगभर पसरल्या, आणि तेव्हापासून या विधानाला रीतसर आक्षेपाचे रूप आले आहे. स्पर्धेच्या नियमांनी आमची खरी शस्त्रे काढून घेतली, म्हणून तेथे आमचा पराभव झाला तरी तो पराभव नव्हे, असा त्या आक्षेपाचा आशय आहे. प्रस्तुत लेखात त्याचे परीक्षण करावयाचे आहे. आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. परंतु त्याच्या आधाराने जे निष्कर्ष काढले जातात ते टिकणारे नाहीत, आणि त्यांनी हानी होते ती त्या परंपरांचीच, असे आमचे मत आहे.

प्रथम या स्पर्धेचे स्वरूप पाहू. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ या नावाने एक विलक्षण सामना भरविण्यात आला. जाळीच्या अष्टकोनी कुंपणात निरनिराळ्या पंथांचे आठ योद्धे उतरले. वजनाचे गट नव्हते. कोणी मुष्टियोद्धा होता, कोणी सुमो मल्ल, कोणी कराटेचा, तर कोणी सावात या फ्रेंच लत्ताप्रहाराच्या विद्येत तयार झालेला. मुष्टियोद्धा आर्ट जिमरसन हा तर एका हातात मुष्टियुद्धाचा मोजा आणि दुसरा हात उघडा अशा वेषात आला होता. आपल्या विद्येतील काय ठेवावे व काय सोडावे या संभ्रमाचे यापेक्षा बोलके चित्र सापडणे कठीण. त्या रात्री विजयी झाला तो रॉयस ग्रेसी नावाचा ब्राझीलचा सडपातळ तरुण. त्याने तिघांना एकामागून एक जमिनीवर नेले आणि हार मानावयास लावले. ठोसे आणि लाथा यांची आतषबाजी पाहावयास आलेल्या प्रेक्षकांना समोर चाललेले हे जमिनीवरचे काम नीटसे उमगलेही नसावे.

त्या काळात नियम फारच थोडे होते. चावणे आणि डोळ्यांत बोटे खुपसणे ही मुख्यत्वे निषिद्ध होती. पुढे लोकमत खवळले. १९९६ साली सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांच्या कोंबडझुंजीची उपमा देऊन तो बंद पाडण्याची मोहीम उघडली. अनेक राज्यांनी बंदी घातली. टिकाव धरावयाचा तर नियम स्वीकारणे भाग होते. २००० साली न्यू जर्सी राज्यात सविस्तर नियमावली तयार झाली, आणि २००९ साली अमेरिकेतील मुष्टियुद्ध मंडळांच्या संघटनेने ती एकरूप नियमावली म्हणून मान्य केली. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदासाठी पाच, वजनाचे गट, वैद्यकीय तपासणी, आणि निषिद्ध कृत्यांची लांबलचक यादी. डोक्याने धडक देणे, चावणे, डोळ्यांवर आघात, जांघेत प्रहार, कंठावर प्रहार, एखादे बोट पकडून मोडणे, पाठीचा कणा आणि मस्तकाचा मागील भाग यांवर फटके, खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ – हे सारे वर्ज्य. याच यादीकडे बोट दाखवून जुन्या पंथांचे अभिमानी म्हणतात, “पाहा, आमचा सारा ग्रंथच यांनी जप्त केला!”

आक्षेपातील सत्यांश आधी मान्य केला पाहिजे. नियम कधीच निष्पक्ष नसतात. ते ज्या गोष्टीला परवानगी देतात ती वाढते, ज्या गोष्टीला मज्जाव करतात ती सुकते. १९९७ साली या स्पर्धेत बोटे उघडी ठेवणारे लहान हातमोजे सक्तीचे झाले, तेव्हा प्रेक्षकांना वाटले की खेळ सौम्य झाला. वस्तुतः मोज्याने रक्षण होते ते प्रहार करणाऱ्या मुठीचे. कवटीवर उघडी मूठ आदळली तर मुठीचीच हाडे मोडतात, ही भीती मोज्याने दूर केली आणि डोक्यावरील ठोसे सोपे झाले. तसेच सपाट जमीन, एकच प्रतिस्पर्धी, निःशस्त्र हात, बाजूला उभा असलेला पंच आणि ठरलेली वेळ, यांतील एकही गोष्ट रणांगणात किंवा अंधाऱ्या रस्त्यात आढळत नाही. ज्याच्या कमरेला सुरी आहे अशा माणसाला मिठी मारून जमिनीवर लोळण्यात शहाणपण नाही. तेव्हा स्पर्धा म्हणजे युद्ध नव्हे, हे आक्षेपकांचे म्हणणे बरोबरच आहे.

परंतु यापुढचे पाऊल मात्र चुकीचे पडते. नियम एकालाच बांधीत नाहीत, दोघांनाही बांधतात. डोळ्यांत बोट घालण्याची मुभा दिली तर ती समोरच्या मल्लालाही मिळते, आणि तो मल्ल छातीवर बसलेला असेल तर त्याचेच बोट आधी पोचते. मर्मावर घाव घालावयाचा तर हात मर्मापर्यंत जावा लागतो. आणि हात कोणाचा, कोठे व केव्हा जाईल हे ज्या कौशल्याने ठरते ते कौशल्य पकड, तोल, अंतर आणि दम यांचे असते. ते ज्याच्यापाशी आहे त्याला घातक प्रहार एका सकाळी शिकविता येईल. ते ज्याच्यापाशी नाही त्याला शंभर गुप्त प्रहार ठाऊक असले तरी ते निजानीशी राहतात.

हे केवळ तर्काने म्हणावयाचे नाही. दुर्दैवाने त्याचा पडताळाही आलेला आहे. डेन्व्हरच्या त्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम झुंजीत जेरार्ड गोर्दो या डच योद्ध्याने नियम मोडून ग्रेसीच्या कानाचा चावा घेतला. ग्रेसीने त्याचा गळा आवळला, आणि त्याने हार कबूल केल्यावरही तो क्षणभर सोडला नाही. १९९४ च्या डिसेंबरात झालेल्या चौथ्या स्पर्धेत जांघेतील प्रहार वैध होते. कीथ हॅकनी याने जो सन याला जमिनीवर पकडून तसे कित्येक ठोसे लगावले, तरी त्या ठोशांनी झुंज संपली नाही. सर्वांत हृदयद्रावक प्रसंग १९९५ च्या एप्रिलमधील. टोकियोच्या बुदोकान सभागृहात हाच गोर्दो युकी नाकाई या आपल्यापेक्षा कितीतरी लहान चणीच्या जपानी तरुणाशी लढला आणि त्याने त्याच्या उजव्या डोळ्यात अंगठा खुपसला. नाकाईचा तो डोळा कायमचा गेला. पण झुंज कोणी जिंकली? नाकाईने. चौथ्या फेरीत गोर्दोच्या टाचेला पीळ देऊन त्याने त्याला हार मानावयास लावले, आणि त्याच रात्री आणखी दोन लढती तो लढला. पुढे आपली दृष्टी गेल्याची गोष्ट, या खेळाची बदनामी होऊ नये म्हणून, त्याने पुष्कळ काळ झाकून ठेवली. या एका घटनेत दोन्ही धडे आहेत. डोळ्यावरील आघात एक आयुष्य कुरूप करू शकतो, म्हणून तो वर्ज्य असणे योग्यच. आणि तो आघात विजय मिळवून देतोच असे मात्र नाही.

मग विजय कशाने मिळतो? याचे उत्तर ज्या पुरुषाने सर्वांत आधी शोधले तो जपानी होता आणि शिक्षक होता. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या खोलीत कोदोकान ही शाळा काढली, तेव्हा त्यांच्यापुढे जुजुत्सूच्या जुन्या पंथांची मोठी संपत्ती होती. त्यात घातक प्रहार होते, हाडे मोडणारे पेच होते. कानोंनी त्यांचे दोन भाग केले. जे डाव पूर्ण जोराने केले असता सोबत्याला इजा होणारच, ते त्यांनी ठरलेल्या क्रमाच्या आविष्कारासाठी राखून ठेवले. जे डाव पूर्ण जोराने करूनही सोबती उद्या पुन्हा सरावाला येऊ शकेल, ते मोकळ्या झोंबीसाठी निवडले. वरवर पाहता त्यांनी विद्येचे दात काढले. प्रत्यक्षात तिला दात आले. त्यांचे शिष्य दररोज, प्रतिकार करणाऱ्या माणसाशी, सर्व शक्तीनिशी झोंबत. आणि १८८० च्या दशकात टोकियो पोलिसांच्या सामन्यांत त्यांनी जुन्या पंथांवर सरशी केली. त्याच कोदोकानचा मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेला, त्याच्यापासून ग्रेसी घराण्याने ही विद्या उचलली, आणि १९९३ ची ती रात्र उजाडली. म्हणजे डेन्व्हरला जी विद्या जिंकली ती ‘घातक’ डाव बाजूला ठेवणाऱ्या एका शिक्षकाचीच नात होती.

येथे आक्षेपाचे खरे मर्म उघडे पडते. स्पर्धेत जे वैध आहे ते निरुपद्रवी आहे, हा समजच चुकीचा आहे. मागून गळ्याभोवती हात घालून मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. तो हात तसाच काही मिनिटे राहिला तर माणूस मरतो. याहून प्राणघातक डाव कोणता? तरीही जगभरच्या तालमींत तो डाव रोज संध्याकाळी असंख्य वेळा केला जातो आणि मंडळी हसतखेळत घरी जातात; कारण तो मोजून करता येतो आणि सोबत्याने तळहाताने थापटताच सोडता येतो. तेव्हा भेद घातक आणि अघातक असा नाही. भेद आहे तो आवरता येणाऱ्या आणि न येणाऱ्या डावांत. जो डाव आवरता येतो त्याचा खरा अभ्यास होतो. जो आवरता येत नाही त्याचा केवळ अभिनय होतो. आणि अभिनयाची सवय जडलेला हात प्रसंगी अभिनयच करतो.

घातकतेच्या दंतकथा पंचांनाही कशा भुरळ घालतात याचे एक उदाहरण मनोरंजक आहे. सरळ वरून खाली आणलेल्या कोपराचा फटका त्या नियमावलीत निषिद्ध ठरला. कराटेवाले कोपराने बर्फाच्या लाद्या फोडतात ते पाहून अधिकाऱ्यांच्या मनात भय बसले, अशी त्याची कथा सांगतात. तोच कोपर किंचित तिरपा आणला तर मात्र वैध! अखेर नोव्हेंबर २०२४ पासून ही बंदी उठविण्यात आली.

आपल्या वाचकांना हा वाद अगदी परका वाटू नये. ऑलिंपियाच्या ग्रीकांनी इ. स. पू. ६४८ पासून पँक्रेशन नावाचे जवळजवळ मुक्त द्वंद्व खेळविले. तेथेही चावणे आणि डोळे फोडणे वर्ज्यच होते. आणि महाभारताच्या शल्यपर्वात गदायुद्धाचा नियम काय सांगितला आहे? नाभीच्या खाली प्रहार करू नये. भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली तेव्हा बलराम नांगर उगारून धावून गेला. त्या क्रोधाचा अर्थ आपण नीट लक्षात घेत नाही. तो क्रोध शिष्यप्रेमाचा जितका होता तितकाच आचार्याचा होता. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचेच शिष्य. नियम पाळून तेरा वर्षे गदा घुमविली म्हणून दुर्योधन त्या विद्येत श्रेष्ठ झाला होता, आणि ते कौशल्य नियमाच्या आतच तयार झाले होते. भीमाचा तो प्रहार युद्ध जिंकतो, प्रतिज्ञा पुरी करतो; पण तो विद्येचा विजय आहे असे व्यासांनी कोठेही म्हणू दिलेले नाही. प्रहार घातक असणे आणि विद्या श्रेष्ठ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक आपल्या परंपरेत असा जुना आहे.

बडोद्याच्या मराठी वाचकांना तर याची साक्ष जवळच मिळेल. तेथील प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली ‘मल्लपुराण’ हा ज्येष्ठीमल्लांचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. कुलदेवता आणि उत्पत्तिकथा यांनी सजलेल्या या ग्रंथात मल्लांचे प्रकार, व्यायाम, आहार, ऋतुमान यांचा विचार किती बारकाईने केला आहे हे पाहावे. रोजच्या घामाला त्यात जो मान आहे तो लक्षात घेण्याजोगा आहे. याच ज्येष्ठीमल्लांची दुसरी ओळख म्हणजे वज्रमुष्टी, मुठीत काटेरी आयुध धरून खेळावयाचे द्वंद्व. खंडेराव गायकवाडांच्या दरबारी शिंगाच्या नख्या हाताला बांधून झालेल्या लढतींचे भीषण वर्णन लुई रूसेले या फ्रेंच प्रवाशाने केलेले आहे. ही विद्या प्राणघातक होती यात शंका नाही. परंतु आज ती जिवंत आहे ती कोठे? मैसूरला, दसऱ्याच्या उत्सवात, राजवाड्याच्या आवारात. मुंडण केलेले जेट्टी देवीला वंदन करून मातीत उतरतात, आणि पहिले रक्त दिसताच पंच लढत थांबवितात. अत्यंत घातक आयुधाभोवती अत्यंत कडक नियम. म्हणूनच ते द्वंद्व वर्षानुवर्षे करता येते आणि म्हणूनच ते टिकले. नियमांनी विद्या मारली नाही, विद्या राखली.

याच्या उलट, जेथे कसोटीच टाळली जाते तेथे काय होते, याचे दाखले चीनकडे आहेत. जानेवारी १९५४ मध्ये मकाव येथे ताई ची पंथाचे वू गुंगयी आणि श्वेतक्रौंच पंथाचे चान हाक-फू या दोन नामांकित आचार्यांचा सामना झाला. निमित्त हाँगकाँगमधील अग्निपीडितांना साहाय्य करण्याचे होते. दोन फेऱ्यांतच झुंज थांबविण्यात आली आणि विजय, पराजय वा बरोबरी यांपैकी काहीच जाहीर झाले नाही. उपलब्ध चित्रपट्टीत दिसते ते गोंधळलेल्या हातांचे फटके आणि रक्ताळलेले नाक. ग्रंथोक्त क्रौंच किंवा मेघहस्त त्यात शोधूनही सापडत नाहीत. पण याच सामन्याच्या गाजावाजातून हाँगकाँगच्या वृत्तपत्रात लिआंग युशेंग यांची कादंबरी क्रमशः सुरू झाली, आणि नव्या वीरकथांचे युगच अवतरले. आखाड्यात जे घडले नाही ते वाङ्मयात घडले! वाङ्मयाला त्याचा दोष देता येणार नाही; दोष आहे तो कादंबरी वाचून तिला तालीम समजणाऱ्यांचा. २०१७ च्या एप्रिलमध्ये चेंगडू येथे मिश्र द्वंद्वाचा खेळाडू शू शियाओदोंग याने वेई लेई या ताई चीच्या शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली घातले, तेव्हा त्या शिक्षकाच्या पंथाने आपल्या सरावाकडे पाहण्याऐवजी लोकांचा रोष ओढवला तो बहुतांशी त्या खेळाडूवर.

हा विषय आम्हास केवळ चर्चेचा वाटत नाही, याला एक जुने कारण आहे. सीमाभागातील आमच्या गावी, आम्ही शाळेत असताना, बाहेरून आलेल्या एका शिक्षकाने संध्याकाळचा वर्ग चालविला होता. आमचा एक सोबती त्यांचा परम भक्त. कंठाखालच्या एका ठिकाणी दोन बोटे मारली की माणूस जागच्या जागी कोसळतो, ही गुप्त विद्या त्याला मिळाली होती. शपथ अशी की ती कोणावर वापरावयाची नाही. ग्रामदेवतेच्या जत्रेत आखाड्याच्या कडेला हा आपली विद्या सांगत उभा असताना तालमीतील एका वृद्ध वस्तादांनी ते ऐकले. ते हसून म्हणाले, “लाव बाळा मला हात.” क्षणार्धात हा मातीत होता, वस्तादांनी त्याचे दोन्ही हात एका हाताने दाबले होते. उठवून अंगावरची माती झटकीत ते म्हणाले, “तुझी विद्या मोठी असंल रं पोरा; पण ती माझ्यापर्यंत पोचाय नको व्हय?” आमचा सोबती घरी येताना म्हणाला, “मी मारलं असतं तर म्हातारा मेला असता.” दोन वर्षांनी बसस्थानकावरील एका भांडणात त्याने आपल्या बोटांवर विसंबून मद्यधुंद माणसाला अंगावर घेतले. उजव्या दंडावरची ती सुरीची खूण आणि त्या हाताची गेलेली ताकद तो आज वार्धक्यातही वागवीत आहे. त्याला भेकडपणा शिकविला असता तर तो पळाला असता. कुस्ती शिकविली असती तर कदाचित सावरला असता. त्याला शिकविला होता तो केवळ विश्वास.

याचा अर्थ जाळीच्या कुंपणातील तो खेळ निर्दोष आहे असा कोणी घेऊ नये. त्यात पैशाचा बाजार आहे. सामन्यापूर्वी एकमेकांना शिव्या घालून तिकिटे खपविण्याची रीत आहे. आणि डोक्यावर बसणाऱ्या ठोशांचा हिशेब मेंदू पुढे अनेक वर्षांनी मागतो. २००७ साली ह्यूस्टन येथे नियमबद्ध सामन्यात लढलेला एक खेळाडू काही आठवड्यांनी मरण पावला. समोरच्याच्या पायाची माती कपाळी लावून सलामी देणाऱ्या आपल्या मल्लाला त्या खेळातील उर्मटपणा रुचणार नाही, आणि न रुचावा हेच बरे. पण खेळाचे हे दोष एका बाजूचे झाले. त्याने जे सत्य समोर आणले ते त्या दोषांनी खोटे ठरत नाही. ते सत्य कोणत्याही आखाड्याला जुनेच आहे: प्रतिकार करणाऱ्या माणसावर जे करून पाहिले नाही, ते आपल्याला येते असे म्हणू नये.

मग जुन्या विद्यांनी काय करावे? आमच्या मते त्यांनी घातकतेचा दावा सोडावा आणि बाकीचे सारे ठेवावे. दांडपट्ट्याचे हात देखणे आहेत म्हणून शिकावेत. ताई चीच्या संथ हालचालींनी वृद्धांचा तोल सुधारतो म्हणून त्या कराव्यात. मर्मांचे ज्ञान सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली ती मुख्यतः शस्त्रवैद्याला उपयोगी पडावीत म्हणून, या जाणिवेने जपावे. गुरुपरंपरा, शिस्त, देवापुढे नमविलेले मस्तक, यांना कोणाला ठार मारण्याच्या सामर्थ्याचे प्रमाणपत्र लागत नाही. आणि ज्या विद्येला खरोखर द्वंद्वाचे सामर्थ्य हवे असेल, तिने कानोंचा मार्ग धरावा: काही डाव बाजूला ठेवावेत, उरलेले रोज झोंबून सिद्ध करावेत आणि हरण्याची लाज टाकावी. आखाड्यात चीत होऊन उठलेला मल्ल दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीत उतरतो आणि आदल्या दिवशीची चूक सुधारतो. जो कधी चीत झालाच नाही, त्याला ती संधी कधी मिळत नाही.